घरी स्वतःच्या हाताने वस्तऱ्याने दाढी करण्यात खरंच काही वेगळा आनंद आहे का?

हो, आहे. आणि माझ्यापुरतं विचाराल तर त्यातला मोठा वाटा आवाजाचा आहे.

तुम्ही लिहिलंय की पाच पात्यांच्या रेझरने मानेवर पुरळ उठतं, सलूनमधली वस्तऱ्याची दाढी आवडते, पण तीच घरी आरशासमोर करायची म्हटलं की हात धजत नाही. आधी एक फरक सांगतो. हल्ली सलूनमध्ये जो वस्तरा फिरतो ती नुसती मूठ असते, तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवं अर्धं ब्लेड बसवतात. रक्तातून पसरणारे आजार लक्षात घेता दुकानात तेच योग्य. पण ते ब्लेड हलकं आणि फार तीक्ष्ण असतं, नवशिक्याचा हात जरा तिरका पडला की ओरखडा उठलाच. मी बोलतोय ते अखंड पोलादी पात्याच्या वस्तऱ्याबद्दल. त्याची धार आपली आपण राखायची असते. शिकायलाही तोच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

असं पातं एकदा उजेडात धरून बघा. पाठ चांगली जाड, साडेचार-पाच मिलिमीटरची, आणि तिथून दोन्ही बाजूंनी खोलगट घासत आणलेलं. धारेजवळ ते इतकं पातळ होतं की केस कापताना सगळं पातं वाजतं. फेसातून गालावर खाली येताना बारीक, कोरडी चरचर ऐकू येते. पातं गालाशी साधारण 30 अंशांत असेल तर हा आवाज एकसारखा चालतो. पाठ जास्त उचलली गेली की तो खरवडल्यासारखा होतो, फार निजवली की केस ओढला जातो आणि आवाज अडखळतो. फेस सुकत आला तरी लगेच कळतं. जबड्याखाली, जिथे आरशात नीट दिसत नाही, तिथे मी निव्वळ कानाच्या भरवशावर हात चालवतो. त्या वेळात फोन, ऑफिस, बातम्या काही डोक्यात येत नाही, कारण सगळं लक्ष पात्याने घेतलेलं असतं. दिवसाची अशी सुरुवात मला दुसऱ्या कशातून मिळालेली नाही.

दुसरा आनंद पट्ट्याचा. दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवायचं, दुसरं मुठीत ताणून धरायचं. पातं सपाट ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या. पाठ पुढे आणि धार मागे राहील असं ओढत न्यायचं, टोकाला पोचलं की पातं पाठीवरच उलटवायचं आणि परत यायचं. दाब अजिबात द्यायचा नाही. तीस-चाळीस फेऱ्या पुरतात. यात पोलाद जवळजवळ झिजत नाही, धारेची सूक्ष्म कड सरळ होते. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचं प्रमाण असं बसवलेलं असतं की पातं सपाट टेकवलं की धारेला 15 ते 17 अंशांचा कोन आपोआप मिळतो, हाताने कोन सांभाळावा लागत नाही. इतकी हुशार रचना रोज हाताळायला मिळते याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पोलाद केसाच्या मानाने साधारण 50 पट कठीण, मग धार जाते कशी? 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी नेहमीच्या रेझरची पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा दिसलं की धार गोलसर झिजण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात, आणि केस पात्यासमोर वाकला की हे विशेष घडतं. केस मऊ करणं आणि कातडी ताणणं यांना इतकं महत्त्व का, ते यावरून कळेल. अंघोळीनंतरच बसा. नाहीतर दोन-तीन मिनिटं गरम पाण्याचा रुमाल दाढीवर ठेवा, मग साबण आणि ब्रशने ओलसर, दाट फेस.

विकत घेताना रुंदी पाच अष्टमांश इंच, म्हणजे 16 मिलिमीटरच्या आसपास, आणि टोक गोल असलेला घ्या. जर्मनीतलं सोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफिल्ड ही यातली मोठी नावं. सोलिंगेनच्या नावाला तर 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे. माझा वस्तरा पुण्याच्या जुन्या बाजारातला आहे, मुठीजवळ सोलिंगेनचा ठसा असलेला. पाठीवर गंजाचे काळे ठिपके आहेत, पण धारेपर्यंत एकही पोचलेला नाही. जुन्यात हेच बघायचं: धारेला टवका नको, तिच्याजवळ गंज नको, पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली हवी. धार गेली तर सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्या पाजवणाऱ्याकडे मुळीच देऊ नका, पातं कायमचं जाईल. त्याला 8000 ग्रिटचा (हा आकडा जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक) किंवा त्याहून बारीक दगड लागतो, तोही काही महिन्यांतून एकदाच.

सुरुवातीला फक्त दोन्ही गाल करा, बाकीचं नेहमीच्या रेझरने. वस्तरा धरताना तीन बोटं त्याच्या मानेवर, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या दांड्यावर, करंगळी त्यापुढच्या वळलेल्या शेपटावर, अंगठा खालून. पातं फिरेल ते धारेच्या आडव्या दिशेने. धारेच्या लांबीने सरकलं तर कापणारच, सुरी अशीच कापते. तुरटीचा खडा जवळ ठेवा. रक्त थांबवायला तो सगळेच वापरतात, पण ओली बोटं तुरटीवर घासून कातडी धरली तर ती फेसातही निसटत नाही. हनुवटी सर्वात अवघड, तिची घाई नको.

झाल्यावर धुऊन, पुसून, थोडा वेळ उघडाच ठेवा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात बाथरूममध्ये कधीच ठेवू नका, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्याला लावून कपाटात ठेवा. वस्तरा एकाने वापरायचा, भावालासुद्धा द्यायचा नाही. आणि विमानात तो केबिनच्या बॅगेत चालत नाही.

आता तुमच्या मानेबद्दल. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस ओढतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. केस कुरळा असेल तर वाढताना तो आतच वळतो आणि पुरळ उठतं. वस्तरा सुलट, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने, फिरवला तर केस कातडीलगत कापला जातो, त्यामुळे हा त्रास बऱ्याच जणांचा कमी होतो. मात्र सुलट कुठली हे आधी बोटं फिरवून शोधा, मानेवर केस अनेकदा वर किंवा आडवे वाढतात. उलटा हात मानेवर मारूच नका, गुळगुळीतपणा थोडा कमी राहिला तरी चालेल. एवढं करूनही पुरळ राहिलं किंवा पू धरायला लागला तर दाढी काही आठवडे थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. काहींचे मानेचे केस मुळातच इतके कुरळे असतात की तेवढ्या जागी ट्रिमरने मिलिमीटरभर ठेवणंच बरं, आणि वस्तरा गालापुरता.