नोकरी सांभाळून संगणकाचं कोणतं प्रमाणपत्र घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बारावी झाली आहे, गोदामात नोकरी करता, रजा मिळत नाही, आणि एमएस-सीआयटी, सीसीसी की आयटीआयमधला कोपा यातलं काय करावं ते कळत नाही. मी एका वितरकाकडे हिशेब बघतो आणि नवीन माणसं घेताना मुलाखतीला बसतो, त्या अनुभवावरून सांगतो.

कोपा तुमच्यासाठी नाही. तो आयटीआयचा संगणक चालवणं आणि प्रोग्रॅमिंग शिकवणारा वर्षभराचा पूर्णवेळ ट्रेड आहे. दहावी झालेल्या मुलांना चांगला, पण त्यासाठी तुम्हाला नोकरी सोडावी लागेल.

उरले दोन. एमएस-सीआयटी एमकेसीएलने, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, २००१ साली सुरू केली. केंद्र जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे, पण बॅचला जावं लागतं. घरी संगणक नसेल किंवा आतापर्यंत माऊसला हात लागला नसेल, तर हीच घ्या. समोर शिकवणारं माणूस असणं फार मोलाचं असतं. सीसीसी केंद्र सरकारच्या नायलिटची. अभ्यासक्रम ८० तासांचा, शिक्षणाची अट नाही, आणि मुख्य म्हणजे संस्थेत नाव न घालता थेट परीक्षेचा अर्ज भरता येतो. ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न. रात्री घरी अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. एक लक्षात ठेवा: तिच्या अभ्यासक्रमात लिब्रे ऑफिस आहे, म्हणजे एक्सेलऐवजी कॅल्क. ते फुकट उतरवून घेता येतं, आणि सूत्रं बहुतेक तीच.

सरकारी भरतीत संगणक अर्हता म्हणून दोन्ही चालतात. पण लिपिक-टंकलेखकाचा विचार असेल तर टायपिंगचं प्रमाणपत्र वेगळं लागतं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. एमएस-सीआयटीने ती अट पूर्ण होत नाही. अनेक मुलांना हे अर्ज भरताना कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, जीसीसी-टीबीसी नावाने.

खासगी नोकरीत मात्र प्रमाणपत्राने फक्त मुलाखतीचं बोलावणं येतं. आत आल्यावर मी संगणकापुढे बसवतो. एका शीटवर जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली २बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी, दुसऱ्या शीटवर आमची खरेदी नोंदवही, आणि सांगतो, न जुळणारी बिलं काढून द्या. व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र, पाठ असलेली मुलंही इथे अडकतात. कारण पुरवठादाराने बिल नंबर मालिका आणि वर्षासकट टाकलेला असतो, आमच्याकडे कुणीतरी नुसते शेवटचे तीन आकडे लिहिलेले असतात. तारखांचंही तेच. निम्म्या तारखा एक्सेलने तारीख म्हणून घेतलेल्या, निम्म्या नुसता मजकूर म्हणून बसलेल्या, मग महिन्याचा फिल्टर लावला की बिलं गायब. हा घोळ ओळखून आधी नोंदी एकसारख्या करणारा माणूस मला हवा असतो. आणि हे कुठल्याही वर्गात शिकवलेलं मी पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे तर सरावाचा माल रोज आहे. गोदामाची आवक-जावक वहीत लिहिता ना? त्यातला एक महिना शीटवर चढवा. मालाची नावं एकसारखी ठेवा, शिल्लक सूत्राने काढा, प्रत्येक ग्राहक-पुरवठादाराची वेगळी बेरीज पिव्होट टेबलने, म्हणजे नोंदींचे गट पाडून बेरजा देणाऱ्या तक्त्याने, करा. मग वहीशी ताडून बघा, फरक आला तर तो कुठून आला ते शोधा. यातून जे येईल ते सीसीसीच्या स्प्रेडशीटच्या प्रश्नांनाही उपयोगी पडेल. मराठी टायपिंगला विंडोजमधला इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करा. तो युनिकोडचा आहे, त्यामुळे तुमचं पत्र दुसऱ्याच्या संगणकावरही नीट उघडतं.

म्हणून तुमच्या बाबतीत मी आधी सीसीसी म्हणेन, आणि सरकारी लिपिकपद मनात असेल तर टायपिंगचा वर्ग आजच लावा, कारण बोटांना वेग यायला महिने जातात. अर्जाच्या तारखा आणि शुल्क नायलिटच्या संकेतस्थळावरच बघा. दलालाला पैसे देऊ नका, अर्ज स्वतः भरता येतो.