नर्सिंग ब्युरोवरचा पैशांचा ताण सरकारी धोरणाने हलका होऊ शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घरपोच शुश्रूषेचा ब्युरो आहे, सिस्टर आणि मावशी मिळून २४ जणी. त्यातल्या १२ जणी रुग्णालयांच्या होमकेअर पॅकेजमधल्या पेशंटकडे जातात आणि रुग्णालयं बिलाचे पैसे ९० दिवसांनी देतात. पगार मात्र दर महिन्याच्या ७ तारखेला. सरकारकडून काही आधार मिळतो का?

मिळतो, पण होमकेअरच्या नावाची वेगळी योजना शोधत बसू नका. तुमच्या कामाचं आहे ते लघुउद्योगांच्या कायद्यात, पीएफमध्ये आणि जीएसटीत.

आधी हिशेब. धरा, ७०० रुपये रोज आणि २६ ड्युट्या, म्हणजे एकीचा पगार १८,२००. बारा जणींचे २,१८,४००. महिनाअखेर बिल लावून ९० दिवस थांबलात, तर पैसे हाती येईपर्यंत तीन पगार तुमच्या खिशातून गेलेले असतात: ६,५५,२००. हेच बिल ४५ दिवसांत वसूल झालं तर दोनच पगार अडकतात. एकही पेशंट न वाढवता दोन लाखांवर रक्कम मोकळी होते, म्हणून सगळ्यात आधी हेच धरा.

त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी पोर्टलवरची नोंद, करा. फी नाही, आधार आणि पॅन पुरतं. २००६ च्या लघुउद्योगांच्या (एमएसएमईडी) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. नोंदणी काम देण्याआधीची हवी. बिल थकल्यावर नोंदणी करून जुनी वसुली मागायला गेलात तर दावा अडकतो.

दुसरी अडचण ड्युटी शीटची. मुदत मोजतात ती सेवा दिल्यापासून, बिलावरच्या तारखेपासून नाही. समोरच्याने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर सेवा स्वीकारली असं धरलं जातं. पण शीटवर तारीख, वेळ, पेशंटचं नाव आणि घरच्यांची सही नसेल तर बिलिंग विभाग तेवढ्यावरून बिल परत पाठवतो आणि मुदतीचा वाद सुरू होतो. दर पंधरवड्याला बिल लावा, शीटची प्रत जोडा, पोच घ्या.

वेळेत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, हा आयकराचा नियम २०२४ पासून लागू आहे. कंपनीच्या रुग्णालयाला तो झोंबतो. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयाचं उत्पन्न वेगळ्या कलमांखाली मोजलं जातं, त्यामुळे तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे व्याजाच्या कलमावरच बोट ठेवा. आधी पत्र, मग फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, ऑनलाइन अर्ज.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांची बिलं विकण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. तिथे तुमचं बिल बँक विकत घेते आणि व्याजदर रुग्णालयाच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही. अडतं एका ठिकाणी: रुग्णालयाने बिल मंजूर केल्याशिवाय पुढे काहीच होत नाही, आणि मंजुरीची घाई त्यांना नसते. नोंदणीसारखीच ठरावीक दिवसांत मंजुरीही सक्तीची केली, तर माझ्या मते तुमच्यासारख्या ब्युरोंना कुठल्याही कर्जयोजनेपेक्षा जास्त आराम पडेल.

पीएफचं बघा. २४ जणी म्हणजे तो लागू आहेच. १५,००० च्या मर्यादेवर मालकाचा वाटा आणि इतर आकार धरून माणशी १,९५० जातात. पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नव्याने घेतलेल्या, पीएफ वेतन १०,००० ते २०,००० असलेल्या माणसामागे मालकाला दरमहा २,००० मिळतात, दोन वर्षं. म्हणजे नव्या मुलीचा पीएफ निघतो. अट अशी की ५० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर आधीच्या कर्मचारीसंख्येवर किमान दोन जणी वाढवायच्या आणि त्या सहा महिने टिकायला हव्यात. आपल्याकडे मुली सणाला गावी जातात त्या परत येतीलच असं नसतं, शिवाय आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असलं की यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, अडकतो. रुजू करून घेतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव जुळवा.

आता जीएसटी. आजारी माणसाची शुश्रूषा आरोग्यसेवा म्हणून माफ आहे. पण तुम्ही रुग्णालयाला माणसं पुरवता आणि पेशंट रुग्णालयाचा असतो, तेव्हा विभाग त्याला मनुष्यबळ पुरवठा ठरवून १८ टक्के मागू शकतो. रुग्णालयाची सेवा करमुक्त असल्याने त्याला त्या कराची वजावट मिळत नाही, मग ते तुमचाच दर पाडायला बघतं. मावशी फक्त सोबतीला असेल तरीही वाद होतो. डॉक्टरांची चिठ्ठी, शुश्रूषेचा आराखडा आणि रोजच्या नोंदी फाइलला ठेवा आणि जे काम होतं तेच बिलात लिहा. आणखी एक फसगत: पलंग किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने दिलात तर ते भाडं करपात्र. एकूण उलाढाल करमुक्त धरून २० लाखांवर असेल, तर भाडं किरकोळ असलं तरी नोंदणी घ्यावी लागते.

सरकारकडे मागायचं असेल तर संघटितपणे दोन गोष्टी मागा. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने घरी दिलेली शुश्रूषा, बिल कोणाच्याही नावावर असो, करमुक्त असल्याचं स्पष्ट परिपत्रक. आणि आयुष्मान योजनेत घरच्या नर्सिंगचं पॅकेज. आज ७० वर्षांवरच्यांनाही ५ लाखांचं कवच आहे, पण ते दाखल झाल्यावरचं. डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधं आणि तपासण्यांपुरते. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण आणून घरी जाणाऱ्या नर्सचा खर्च पंचायती आणि नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात बसवला. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राची बाजू राज्याचा अर्थ विभाग तयार करतो. निवेदन तिकडे द्या, आणि सोबत करापायी रुग्णालयाने दर पाडलेली तीन-चार बिलं जोडा.