अप्पांची वही तू का लिहितेस?

तुझं पत्र दोनदा वाचलं. करिअरचा प्रश्न तिसऱ्या पानावर येतो, पहिली दोन पानं तुझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, रक्तातल्या साखरेनं भरलेली आहेत. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

तू लिहितेस ते थोडक्यात असं: सोलापूरच्या पूर्व भागात तुमचा टॉवेलचा कारखाना. अप्पांना सहा वर्षांपासून मधुमेह. गेल्या श्रावणात ते सात दिवसांच्या निसर्गोपचार शिबिराला जाऊन आले, वजन पाच किलोनं उतरलं, साखर खाली आली आणि घरी आल्या आल्या त्यांनी साखरेची आणि बीपीची, दोन्ही गोळ्या बंद केल्या. आता तू बारावी सायन्सला ७४ टक्के मिळवलेस, तर त्यांचं म्हणणं, नीटच्या मागे लागू नकोस. निसर्गोपचाराचा एक वर्षाचा घरबसल्या डिप्लोमा कर, कारखान्याच्या माडीवर केंद्र काढू, पाटीवर नावाआधी 'डॉ.' लावू. तुला आहारशास्त्र शिकायचंय, पण अप्पांना नाही म्हणवत नाही.

मला धास्ती वाटली ती तू पाठवलेल्या वहीच्या फोटोची. डावीकडे तारीख, मग उपाशीपोटीचा आकडा, रात्री काय जेवले, झोप किती झाली, आणि शेवटचा रकाना 'चिडले का'. सप्टेंबरात ११८. दिवाळीनंतर १५२. संक्रांतीच्या, गड्डा यात्रेच्या दिवसांत १७६. मार्चअखेर २१४, आणि त्या आकड्याभोवती तू पेनानं गोल केलाय. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंयस, 'आई म्हणते रात्री पायाला मुंग्या येतात. अप्पा म्हणाले, विष बाहेर पडतंय.'

विष वगैरे काही बाहेर पडत नाहीये. वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसांना इजा व्हायला लागल्याची ती खूण असू शकते, आणि ते तपासल्याशिवाय कळणार नाही. याच आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. एचबीएवनसी ही रक्ताची चाचणी करून घ्या, त्यातून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. पाय तपासून घ्या, बीपी मोजून घ्या. साखर निदान मुंग्यांनी तरी जाणवते, बीपी बहुतेक वेळा काहीच न सांगता वाढतं.

आणि ते एक वाक्य, जे तू पत्राच्या कडेला लिहिलंस: 'दोन वेळा मी आकडा कमी करून सांगितला, म्हणजे दिवस नीट जाईल.' ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. अठरा वर्षांच्या मुलीनं रोज पहाटे वडिलांच्या बोटाला सुई टोचायची, आकडा वाढलेला दिसला की त्यांचा चेहरा बघायचा आणि मग खरं सांगायचं की नाही हे ठरवायचं. यात तुझा दोष नाही, पोरी. पण हे काम तुझं नाही, आणि याच कामावर अप्पा तुझं करिअर उभं करायला निघालेत.

अप्पा, तुम्हीही हे वाचत असाल असं धरून स्पष्ट लिहिते. गोळ्या बंद करण्याचा निर्णय तुमचा होता. तो बरोबर होता यावर मुलीच्या पाटीनं शिक्का मारून घेऊ नका. घरबसल्या डिप्लोमावर 'डॉ.' लावून रुग्ण तपासणं हा कायद्यानं गुन्हा आहे आणि त्यात अडकेल ती तुमची लेक.

निसर्गोपचार म्हणजे औषधाशी वैर, हा समज मला वर्षानुवर्षं पत्रांतून भेटतो. सोलापूरहून पुण्याला जाताना गाडी उरुळी कांचनवरून जाते. तिथला निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी १९४६ साली सुरू केला. माती, पाणी, साधा आहार, उपास यांवर त्यांच्याइतकी श्रद्धा असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवडा तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज सर्जनकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. निसर्गोपचाराचं खरं बळ आजार होण्याआधी आहे: काय खातो, कधी खातो, किती चालतो, किती झोपतो. आजार जडल्यावरही ते उपयोगी पडतं. वजन उतरलं की साखर उतरते हे खरंच आहे, आणि काहींच्या गोळ्या सुटतातही. पण त्या गोळ्या डॉक्टरांनी आकडे बघत बघत कमी केलेल्या असतात. अप्पांचा आहार, पहाटेचं चालणं, लवकर जेवणं यातलं काहीही बंद करू नका. त्याच्या जोडीला डॉक्टर हवेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुझी वाट. निसर्गोपचारच शिकायचा असेल तर बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची पदवी आहे, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. कर्नाटकात तिची चांगली महाविद्यालयं आहेत, उजिरेचं त्यातलं जुनं. पण आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्यासाठी २०२० च्या कायद्यानं जो राष्ट्रीय आयोग आला, त्यात निसर्गोपचार नाही. नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून फी भरण्याआधी 'महाराष्ट्रात माझी नोंदणी कुठे होईल' हे महाविद्यालयाकडून लेखी घे.

आहारशास्त्रासाठी नियमित बी.एस्सी. कर, पुण्यात एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे. पुढे एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर डिप्लोमा, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची, परीक्षा. घरबसल्या हा विषय शिकायचं मनात आणू नकोस. पोषण आणि डाएटेटिक्सचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीनं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंदी केली आहे.

माझं मत विचारशील तर आहारशास्त्र, आणि ते ७४ टक्क्यांमुळे नाही. वहीत एके ठिकाणी तू लिहिलंयस, 'भाकरीच्या रात्रीनंतर आकडा कमी, भाताच्या रात्रीनंतर जास्त.' दुसरं कुणी इथेच थांबलं असतं आणि ज्वारीनं मधुमेह बरा होतो म्हणून व्हिडिओ काढून मोकळं झालं असतं. तू खाली लिहिलंस, 'पण भाकरीच्या दिवशी आम्ही आठच्या आत जेवलो होतो.' स्वतःच्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेणारी मुलगी मला या क्षेत्रात हवी आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या जिल्ह्यात, उपाशीपोटी चहावर दुपार काढणाऱ्या विडी कामगार बायकांच्या आणि रात्रपाळीनंतर वडापाव खाऊन झोपणाऱ्या लूमवाल्यांच्या गावात, शिकलेल्या आहारतज्ज्ञाला कामाची ददात नाही. माडीवरचं केंद्रसुद्धा सहा-सात वर्षांनी होऊ शकेल, खऱ्या पदवीच्या पाटीनं.

डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा. ते दोन खोटे आकडे खरे करून ठेव. आणि उद्या सकाळी ग्लुकोमीटर अप्पांच्या हातात दे. पट्टी कशी घालायची, सुई बोटाच्या कडेला कशी टोचायची, ते एकदा शेजारी बसून दाखव. आकडा त्यांचा त्यांना लिहू दे.