गावच्या पाझर तलावाचा गाळ काढायला अनुदान हवंय, त्यासाठी आधी ट्रस्ट काढावा का?

तुम्ही विचारलंय की गावातल्या दहा-बारा जणांना मिळून पाझर तलावातला गाळ काढायचाय, वरच्या माळावर झाडं लावायचीत, पण गटाची नोंदणी नाही. तर अनुदानासाठी आधी ट्रस्ट काढावा का. मी नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात बरीच वर्षं आहे. एवढ्या कामासाठी ट्रस्ट काढू नका, असं माझं ठाम मत आहे.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठी त्या देतात तो पैसा, घ्यायला संस्थेकडे १२ए, ८०जी (आयकर खात्याच्या) आणि सीएसआर-१ (कंपनी खात्याची) या नोंदण्या लागतात, वर किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. आज काढलेल्या ट्रस्टला तो पैसा थेट मिळत नाही. परदेशी निधी तर त्याहून लांब. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, असलेली मोठी संस्थासुद्धा तो पैसा तुमच्यासारख्या गटाला पुढे देऊ शकत नाही. ट्रस्ट नोंदवायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालण्यात वर्ष जातं आणि तोवर पोरांचा उत्साह मावळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतोय.

तुमचा पैसा गावातच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के बंधित होता, म्हणजे स्वच्छता आणि पाणी यांवरच खर्चायचा. पावसाचं पाणी साठवणं त्यातच येतं. आपल्या पंचायतीने काय धरलं आणि किती खर्चलं, ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. आधी ते बघा, मगच ग्रामसेवकांकडे जा. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून ठरायला लागतो. त्यात तुमच्या तलावाचं नाव आलं नाही तर उन्हाळ्यात कितीही फेऱ्या मारा, उपयोग नाही.

गाळासाठी वेगळी योजनाच आहे: ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. २०१७ ला आली, २०२३ ला नव्याने सुरू झाली. त्या वेळच्या दराने यंत्र आणि इंधनाला घनमीटरमागे ३१ रुपये, आणि गाळ शेतात नेऊन टाकणाऱ्या अल्पभूधारकाला घनमीटरमागे ३५.७५ रुपये, एकरी १५,००० पर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. वाळू काढायला सक्त मनाई आहे.

आता मोजमाप, कारण अर्ज इथेच अडतात. ‘भरपूर गाळ साचलाय’ असं लिहिलेल्या कागदाला कुणी विचारत नाही. तलाव आटला की पात्रात चार-पाच ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या आणि प्रत्येक खड्ड्यात गाळाची जाडी टेपने मोजा. समजा पात्र ४० बाय ३० मीटर आणि सरासरी जाडी दीड मीटर निघाली, तर गाळ १,८०० घनमीटर. ३१ च्या दराने ५५,८०० रुपये. ट्रॅक्टरवाले ब्रासमध्ये बोलतात. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे साधारण ६३६ ब्रास. सोबत गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची गटनंबर आणि सह्यांसकट यादी जोडा. गाळ जाणार कुठे हे आधी ठरलं नसेल तर तो काठावरच पडतो आणि पहिल्या पावसात परत आत येतो. खोदताना तलावाच्या बांधाच्या पायथ्यापासून लांब राहा आणि मुरूम लागला की थांबा. जेसीबीवाल्याच्या भरवशावर सोडू नका, तुमच्यातला एक जण कायम तिथे उभा असू द्या.

झाडांसाठी रोजगार हमीतला ‘बिहार पॅटर्न’ आता कसा आहे ते विचारा, त्यात लागवडीनंतर तीन वर्षं जोपासनेची मजुरी मिळायची. रोपं फुकट देणारे भरपूर भेटतील, पण एप्रिलमध्ये पाणी घालणाऱ्याची मजुरी ते देत नाहीत. झाडं मरतात ती त्यामुळे.

बाहेरची मदत मागायचीच असेल तर वरच्या माळावरचे समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) आणि बांधबंदिस्ती यांसाठी मागा. माथ्यावरची माती अडली नाही तर काढलेला गाळ थोड्या वर्षांत पुन्हा तितकाच साचतो. हे काम मोठं आहे, आराखडा आणि इंजिनिअर लागतो. तालुक्यात पाणलोटाचं काम केलेली जुनी, नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या नावाने प्रस्ताव जाऊ द्या, काम तुम्ही करा. लोकांचा वाटा मात्र तयार ठेवा. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या १६ टक्के श्रमदान गावाला द्यावंच लागायचं, आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत आधी मंजूर करावी लागायची. चराईबंदीवरून मेंढपाळ कुटुंबांशी वाद होतो. त्यांना डावलून ठराव करू नका, चराईसाठी एक पट्टा मोकळा सोडा.

तलावाचा गटनंबर आणि तो जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहे की जलसंधारण विभागाच्या, एवढं खाली लिहा. परवानगी कुणाकडे मागायची ते त्यावर ठरतं, मग अर्जाचा मसुदा करायला मी मदत करतो.