वर्धा नदीच्या पहिल्या पुरात ब्लिचिंग टाकूनही नळाला क्लोरीन का दिसत नाही?

हल्ली लांब उघडीप, मग एकाच रात्री धो-धो पाऊस. भेगाळलेल्या काळ्या रानातली माती, शेणखत एकदमच नदीत उतरतं. पाणी नुसतं ठेवून ही चिकण माती तळाला बसत नाही, आणि तिच्यासोबतचा सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

म्हणून आधी तुरटी. 1 ग्रॅम तुरटी 100 मिली पाण्यात विरघळवा. गढूळ पाण्याच्या एकेक लिटरच्या चार बरण्यांत हे द्रावण अनुक्रमे 2, 4, 6, 8 मिली टाकून हळू ढवळा. अर्ध्या तासात ज्या सर्वांत कमी मात्रेला पाणी नितळतं, तीच दर लिटरमागे टाकीला. दर पुराला मात्रा बदलते, कालची चालत नाही!

मगच ब्लिचिंग: हजार लिटरला साधारण 5 ग्रॅम, अर्धा तास थांबा. शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (रंगावरून क्लोरीन दाखवणारी चाचणी) उरलेलं क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर हवंच. पावसाळ्यात उघड्या पोत्यातली पावडर लवकर मरते, तेही तपासा.