आधी मीटर, मग पॅनेल

प्रश्न: काका, आमच्या वसतिगृहाचं वीजबिल फार वाढलंय. सगळे म्हणतात, सौर पॅनेल बसवा. सुरुवात कुठून करावी?
– एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर: बाळ, पॅनेल नंतर. आधी मीटर वाच. कॉलेजांच्या वायरिंगमध्ये माझी तीस वर्षं गेली. सगळ्यात जास्त शिकवलं ते पहाटेच्या रीडिंगनं. आठवडाभर रात्री बाराला आणि पहाटे पाचला आकडा लिहून ठेव. एका ठिकाणी सगळे झोपलेले, तरी मीटर भराभर पळत होता. गच्चीवर गेलो तर टाकी भरून वाहतेय, भिंतीला हिरवं शेवाळ धरलेलं आणि खाली पंप चालूच. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच गंजून अडकला होता. किती महिने, देव जाणे!

मग वर्षाच्या युनिटांना इमारतीच्या चौरस मीटरनं भाग. दोन वसतिगृहांची तुलना याच आकड्यावर कर, बिलाच्या रकमेवर नको.

आणि पंखे मोज. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा नवा पंखा, साधारण ३०. असे २०० पंखे दहा तास चालले तर दिवसाला ९० युनिट वाचतात. बडोद्याच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवा, असं मी कुणालाही सांगणार नाही. बदला, एवढंच म्हणेन.

आठवड्याचे आकडे मला पाठव. पंपाचे वेगळे लिही.