‘नाही म्हटलं तर ताईंना काय वाटेल?’

शिक्षिका माझ्याकडे समुपदेशनाला बहुतेक एप्रिलअखेर नाहीतर जूनमध्ये येतात. निकालपत्रकं संपलेली असतात, चिडचिड संपलेली नसते. रेवती (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) तशीच आली. वय ३४, अनुदानित प्राथमिक शाळेत ८ वर्षं नोकरी. तक्रार झोपेची. रात्री साडेनऊला फोन वाजला की छातीत धडधडतं.

फोन ताईंचा. ताई म्हणजे शाळेतल्या सर्वांत ज्येष्ठ बाई, निवृत्तीला ३ वर्षं उरलेल्या. रेवती नवीन होती तेव्हा टाचण कसं काढायचं, दंगेखोर वर्ग आवाज न चढवता कसा बसवायचा, हे त्यांनीच शिकवलं. तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आल्या. आता ताईंचं सगळं ऑनलाइन काम रेवती करते. यंदा तर त्यांच्या वर्गाचा अख्खा निकाल तिनेच भरला, मुलगा तापाने फणफणलेला असताना.

“त्या मला आईसारख्या आहेत हो. नाही कसं म्हणू? मीच कोत्या मनाची आहे का? त्या मालिकेत बघा, सगळे एकमेकांसाठी कसे धावतात!”

मालिका म्हणजे ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’. फिलाडेल्फियातल्या, पैशांची कायम चणचण असलेल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकांची विनोदी मालिका, डिसेंबर २०२१मध्ये सुरू झालेली. ती रचणारी क्विंटा ब्रन्सन स्वतःच त्यात जनीन ही तरुण शिक्षिका झाली आहे. तिची खरी आईही बालवर्गाची शिक्षिका होती. मालिकेतल्या जनीनला ज्येष्ठ बार्बराबाईंमध्ये आई दिसते. रेवतीने स्वतःला कोण ठरवलं होतं, ते सांगायला नको.

मी पहिला सीझन बघून काढला. (माझ्या एका सहकारी मैत्रिणीला असला गृहपाठ पटत नाही. मला पटतो, शिवाय मालिका खरंच हसवते.) पण मला रेवतीच्या अगदी उलट दिसलं. दुसऱ्याच भागात कॉरिडॉरमधला लुकलुकणारा दिवा जनीन स्वतः दुरुस्त करायला जाते आणि शाळेची वीज घालवून बसते. तो दिवा जुन्या शिक्षिकांनाही दिसत होताच, त्यांनी तो अंगावर घेतला नव्हता इतकंच. पुढे एका भागात वाचनाचं नवं सॉफ्टवेअर बार्बराला जमत नाही, सांगायची लाज वाटते, आणि मुलांचे चुकीचे, भलतेच चांगले निकाल वरिष्ठांकडे जातात.

हा भाग आठवून रेवती खूप हसली. मी विचारलं, “ताईंना लॅपटॉप जमत नाही हे शाळेत कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही.” मग गप्प झाली.

पण तिची झोप कामामुळे उडालेली नव्हती. ते तिसऱ्या भेटीत कळलं. या मालिकेतली पात्रं मनातली मळमळ कॅमेऱ्याकडे बघून बोलून टाकतात. आपल्या स्टाफरूममध्ये कॅमेरा नसतो, ते तिसऱ्या बाईंच्या कानात जातं. ‘ताई फार वापरून घेतात’ असं रेवती एका सहकारिणीजवळ बोलली होती. चार दिवसांत ते मीठमसाला लागून ताईंपर्यंत पोचलं. ताई काहीच बोलल्या नाहीत, आणि रेवतीने अपराधीपणापोटी त्यांची आणखी कामं ओढून घेतली. ती सहकारिणी सेवाज्येष्ठतेच्या यादीत रेवतीच्या लगेच खाली. शाळेतली मुलं घटली, संच मान्यतेत (म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर होताना) एक पद गेलं, की यादीतला शेवटचा माणूस अतिरिक्त ठरतो. अशा दोघींची मैत्री हलकीफुलकी राहणं अवघडच, त्यात कोणा एकीला वाईट ठरवायची गरज नाही.

म्हणजे जे ताईंना सांगायचं, ते ताई सोडून बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं. मलासुद्धा.

आम्ही एक वाक्य तयार केलं. रेवतीचा पहिला मसुदा अर्धं पान होता, त्यात ‘राग मानू नका’ तीनदा आणि मुलाचं आजारपण दोनदा. मी सबबी खोडायला लावल्या, कारण सबबीला उत्तर असतं: वेळ नाही म्हटलं की ‘बरं, उद्या कर.’ शेवटी उरलं ते एवढं: “ताई, यापुढे तुमच्या नोंदी आपण शनिवारी शाळा सुटल्यावर बरोबर बसून भरू. माऊस तुमच्या हातात.” आणि रात्री नऊनंतर फोन उचलायचा नाही, त्याचं स्पष्टीकरण मेसेजमध्येही द्यायचं नाही. हे दुसरं तिला जास्त जड गेलं.

ताई चिडल्याच. “आम्ही तुला शिकवलं तेव्हा शनिवार बघितला नव्हता,” म्हणाल्या. दोन आठवडे त्यांचा डबा दुसऱ्या टेबलावर उघडला गेला. रेवती मला रडत म्हणाली, “तुमच्यामुळे झालं.” मी ते नाकारलं नाही. काही अंशी खरंच होतं.

तिसऱ्या शनिवारी ताई आल्या. वीस मुलांची माहिती भरायला दोन तास लागले, त्यात एका मुलाची जन्मतारीख चुकली.

शेवटच्या भेटीत रेवतीने सांगितलं, परवा रात्री पुन्हा साडेनऊला फोन आला. तिने उचलला नाही. सकाळी परिपाठाआधी ताईंनी विचारलं, “झोपली होतीस का गं?”

“नाही ताई, जागी होते. घरचं चाललं होतं.”

ताईंनी चष्मा पुसला. “बरं. पासवर्ड चुकतोय म्हणतो तो. मधल्या सुट्टीत बघ.”